बिननांगराचं रान

शेतकी खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाजवळ शेवटी दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्याला तेल लावता येतं, किश्श्यांचं काय करणार? आम्ही जुने चार-पाच कृषी सहायक हिंगोलीत कुणाच्या लग्नात भेटलो की पंगतीतच सुरू होतो. एकाचा संपला की दुसऱ्याचा. वाढणारी पोरं पोळीचं ताट घेऊन तशीच उभी राहतात. माझी पाळी आली की मीही हसवतो. पण माझे बहुतेक किस्से एकाच गावचे आणि एकाच माणसाचे आहेत, आणि ते सांगून झाले की मला पुढचा घास गोड लागत नाही.

गाव सेनगाव तालुक्यातलं, गोरेगावच्या पुढचं. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. काळ नव्वदीच्या शेवटचा. मी सव्वीस वर्षांचा, नवी नोकरी, जुनी मोपेड, आणि डोक्यात नुकतंच झालेलं तीन दिवसांचं ट्रेनिंग. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ते एका ओळीचं होतं: रान नांगरू नका. सोयाबीन काढलं की त्याचं भुसकट रानातच पसरू द्या, वखर फिरवू नका, त्याच ओलीवर तिफणीनं थेट गहू पेरा. भुसकटाखाली ओल टिकते, जमीन भेगाळत नाही. पेरणीआधीचं पाणी वाचतं आणि पुढचंही एखादं. पाच पाण्यांचा गहू तीन पाण्यांत निघतो.

मी ते सगळं मारुतीच्या पारावर पाठ म्हणून दाखवलं. मंडळी शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, पटलं! मग एका म्हाताऱ्यानं चिलीम खाली ठेवून विचारलं, "नांगरायचं न्हाई म्हणता. मंग बैलायला काय शाळेत घालू?"

पार हसून हसून लोळला. मीही हसलो. हसला नाही तो फक्त एक माणूस, मागे खांबाला टेकून बसलेला. हा आसाराम. पंचेचाळिशीचा, काटक, बोलायला कंजूस. सगळे पांगल्यावर तो मोपेडपाशी आला.

"साहेब, दोन पाणी वाचत्यात, हे खरं हाय का?"

"खरं आहे, मामा."

"मला एकच वाचलं तरी बस झालं," तो म्हणाला.

त्याची गोष्ट अशी होती. त्याच्या आणि धाकट्या भावाच्या, कुंडलिकच्या, वाट्यात एकच विहीर; बाऱ्या, म्हणजे दिवस, वाटून दोघं पाणी घ्यायचे. दर वर्षी गव्हाचा दाणा भरायच्या वेळेला विहीर तळ दाखवायची. चार पाणी व्हायचं, पाचवं कधीच नाही. गहू दिसायला उभा, पण दाणा चिमलेला. आसारामला खंडीभर पीक नको होतं. एकदा तरी भरल्या दाण्याचा गहू घरात यावा, एवढंच त्याचं म्हणणं.

※

त्याच आठवड्यात शेजारच्या बंजारा तांड्यावर गेलो. तिथल्या नाईकांनी खाटेवर बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, आमचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरायचा. त्याला सरकार म्हणालं, फिरू नको, नांगर धर. त्याला जमला न्हाई. बापाला थोडा जमला. माझ्या हाताला आता कुठं बराबर बसला, तर तुमी म्हणून राहिले, सोड. सरकारनं एकदा बसून ठरवावं अन् मंग सांगावं."

मी वहीत लिहिलं, "शेतकऱ्यांचा प्रतिसाद चांगला." चहा चांगला होता, ही गोष्ट खरी.

※

आसारामनं दोन एकर दिले. कार्यालयातून प्रात्यक्षिकाचा पत्र्याचा बोर्ड आला, तो बांधावर ठोकला. सगळं जमलं असं वाटत असताना आसारामची बायको, गयाबाई, डोक्यावर पदर घेऊन समोर आली. रानात सोयाबीनबरोबर घेतलेल्या ज्वारीची धसकटं उभी होती. धसकटं म्हणजे कापणीनंतर जमिनीत राहिलेले बुडखे. मी सांगितलं होतं, ती उपटायची नाहीत.

"साहेब, एक विचारू का? तुमच्या घरी सैपाक कशावर करत्यात?"

"गॅसवर, मावशी."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला कळायला दोन दिवस लागले. तिच्या चुलीचं चार महिन्यांचं जळण त्या धसकटांत होतं. ट्रेनिंगमध्ये तीन दिवस जमिनीच्या तोंडचं काढू नका असं शिकवलं, चुलीच्या तोंडचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शेवटी तडजोड तिनंच काढली. एक ओळ रानाला, एक ओळ चुलीला. त्यानंतर ती मला कायम "आर्धे साहेब" म्हणायची, कारण माझं अर्धंच ऐकलं होतं. ती बाई आठवली की मला आजही माझीच लाज वाटते. विचारायला मी आधी जायला हवं होतं, ती यायला नको होती.

※

जिल्ह्याचे मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार असा निरोप आला. आमचे पर्यवेक्षक मुळे साहेब सकाळपासून घामाघूम. गहू पेरून आठ-दहा दिवस झालेले, भुसकटातून हिरवी सुई नुकती डोकावत होती. जवळ जाऊन वाकलं तरच दिसायची.

जीप आली. मोठे साहेब उतरले, बांधावरूनच रान बघितलं. भुसकट, मधूनमधून धसकटं, कोपऱ्यात थोडं तण. त्यांनी गॉगल वर केला.

"मुळे, हा प्लॉट अजून तयार केला नाही?"

आता बघा, तोंडातून फक्त एवढंच निघायला हवं होतं, "सर, हाच तयार प्लॉट आहे." मुळे साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुळे साहेबांकडे बघितलं. आणि मुळे साहेब म्हणाले, "चार दिवसांत नांगरून घेतो सर!"

साहेब खूश होऊन जीपमध्ये बसले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, "यंग मॅन, काम उरकायला शिका."

आसाराम तिथंच, बोर्डाला हात लावून उभा होता. जीपची धूळ खाली बसल्यावर म्हणाला, "साहेब, आता खरंच नांगरायचं का?"

"नाही हो मामा."

"मंग त्यायला सांगितलं काहून न्हाई?"

लग्नाच्या पंगतीत हा किस्सा मी "चार दिवसांत नांगरून घेतो" इथंच थांबवतो. तिथं हशा येतो. पुढचा प्रश्न मी कुणाला सांगत नाही.

※

नांगर साहेबांनी नाही फिरवला. गावानं फिरवला, आणि तोही प्रेमानं.

पहिल्या वर्षी गहू बेताचा आला, दुसऱ्या वर्षी बरा. जमीन हाताला मऊ लागायला लागली. आसाराम मूठभर माती घेऊन मला वास घ्यायला लावायचा. वैशाखात सगळ्या शिवारानं नांगरटी केल्या, काळी ढेकळं उन्हात तापत पडली, आणि मधोमध आसारामचे दोन एकर पिवळ्या भुसकटात तसेच. त्यातच त्याचा एक बैल पायानं अधू झाला होता. गावानं दोन्ही गोष्टींचा हिशोब जुळवला. आसाराम अडचणीत आहे, लाजेनं बोलत नाही.

आमच्याकडं इर्जिक म्हणून रीत आहे. एखाद्याचं शेतकाम अडलं की गावातली औतं मिळून जातात, एका दिवसात त्याचं रान करून देतात. मजुरी घ्यायची नाही, फक्त जेवायचं. आसाराम आणि गयाबाई एका लग्नाला कळमनुरीकडे गेले होते. गावानं ठरवलं, मुकाट्यानं इर्जिक घालू, माणूस घरी आल्यावर त्याचा जीव थंडावेल. अकरा औतं गेली. दुपारपर्यंत दोन एकर खोल नांगरून, ढेकळं उताणी करून, बैलं सोडून मंडळी लिंबाखाली बसली. औतं वळवताना बांधावरचा बोर्ड आडवा येत होता म्हणून तो उपटून नीट लिंबाला टेकवून ठेवला होता.

मी योगायोगानं तिथं पोचलो आणि पाचच मिनिटांत लग्नाहून आसाराम आला. नव्या धोतरात, कपाळाला टिळा. लांबूनच त्यानं रान बघितलं आणि थांबला. ज्या म्हाताऱ्यानं बैलांना शाळेत घालायचं विचारलं होतं, तोच पुढं झाला. घामानं निथळत होता.

"आसाराम, तू मनात काही ठिवू नको. आमी हाओत."

मला वाटलं, आता हा ओरडेल. दोन वर्षं जपलेली जमीन होती ती! आसारामनं एक ढेकूळ उचललं आणि परत खाली ठेवलं. मग त्यानं प्रत्येकाच्या पाया पडायला सुरुवात केली, वयानं लहान असलेल्यांच्यासुद्धा. गयाबाईनं लग्नातली साडी न बदलताच चूल पेटवली. वरण, भाकरी, ठेचा आणि गोड म्हणून गुळाचा शिरा. मी पण जेवलो.

जाताना मी त्याला म्हणालो, "मामा, आधी सांगायचं तरी गावाला."

"तुमी दोन वर्षं सांगून राहिले ना साहेब," तो म्हणाला, "समजलं का कुणाला?"

※

तरी त्यानं सोडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून भुसकट पसरलं. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी गहू असा आला की बांधावरून जाणारा थांबायचा. तीन पाण्यांतच पोटरीत, म्हणजे ओंब्या फुटायच्या बेतात होता, आणि रानात अजून ओल होती. आसाराम पहिल्यांदा मोकळा हसताना दिसला. पाऊसही बरा झाला होता, शेवटच्या दोन पाळ्या विहिरीत शिल्लक होत्या. दाणा भरताना एक द्यायची, एक तशीच ठेवायची, असा त्याचा बेत.

चौथ्या पाण्याच्या दिवशी त्यानं मोटर सुरू केली, तर पाइपातून नुसती हवा.

कुंडलिकनं त्या वर्षी नवीन हळद लावली होती. वसमतच्या बाजारात हळदीला भाव आहे, हे त्यानं ऐकलं होतं. विहिरीत पाणी दिसतंय, भाऊ काही मोटर लावत नाही, मग नुसतं ठेवून काय करायचं? त्यानं आपल्या बारीच्या दिवशीही पाणी घेतलं आणि भावाच्या बारीच्या दिवशीही. चोरी केली असं त्याला वाटलंच नाही. "दादाला नको होतं," तो मला म्हणाला, "म्हणून मी घेतलं. तुमीच तर शिकिवलं त्याला पाणी न्हाई लागत म्हणून."

आसारामच्या रानात मी त्याच्याबरोबर बसलो होतो. त्यानं एक ओंबी चोळून तळहातावर घेतली. दाणा दुधात होता. आठ दिवसांत चिमणार, हे दोघांनाही दिसत होतं.

"साहेब, पाणी वाचलं, यात वाद न्हाई," तो म्हणाला. "पर माझं न्हाई वाचलं."

त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, "पाण्याची बचत, दोन पाळ्या." मुळे साहेबांनी त्याखाली लाल शाईनं "उत्तम" लिहिलं. दोघा भावांना एकत्र बसवून न वापरलेल्या बारीचं पाणी कुणाचं हे ठरवून देणं माझ्या कामात बसत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला भावकीच्या भांडणात पडायची भीती वाटली. एक संध्याकाळ गेली असती. तेवढीही मी दिली नाही.

※

आता शेवटचा. हा मी पंगतीत कधीच सांगितलेला नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर कुंडलिकनं ट्रॅक्टर घेतला. भावाला म्हणाला, दोघांचंही रान एकदम नांगरून काढू, हे भुसकटाचं खूळ पुरे झालं. आसाराम म्हणाला, रान मी नांगरणार नाही आणि माझ्या बारीचं पाणी माझं, वापरलं काय आणि ठेवलं काय. बोलणं वाढलं. गावातल्या चार माणसांसमोर बैठक झाली. तिथं कुंडलिकनं एक अट घातली.

"हे इतकं चांगलं हाय, तर साहेब सोता करत असंल का न्हाई? वसमतकडं त्याच्या बापाचं रान हाय म्हणत्यात. दादा, तू जाऊन बघून ये. तिथं नांगर नसंल तर मी तुझ्या बारीच्या पाण्याला जिंदगीत हात लावणार न्हाई. नांगर असंल तर ट्रॅक्टर तुझ्या रानात घालतो."

ही बैठक झाली हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता माझ्या घरचं सांगतो. वसमतच्या अलीकडं आमचं सहा एकर आहे. माझ्या वडिलांना नांगरटीचा नाद होता. आमचं रान पंचक्रोशीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल नांगरलेलं असायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी गावोगाव नांगरू नका म्हणून सांगत फिरतो, हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमतच झाली नाही. उलट दर वैशाखात दोन दिवस रजा टाकून घरी जायचो आणि ट्रॅक्टरच्या पुढं उभा राहून फाळ किती खोल लागतो ते बघायचो. वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगं शेतकी खात्यात हाय, त्याला समजतं."

एका रविवारी घरी गेलो. वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "अरे, तुझ्या तिकडचा एक माणूस येऊन गेला बुधवारी. आसाराम का काहीतरी नाव. सेनगावापर्यंत जीपनं, पुढं दोन एसट्या बदलून आला बिचारा. म्हणाला, साहेबाचं रान बघायचं."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मग?"

"मग काय, दाखवलं. सगळं फिरवून दाखवलं. ढेकळं कशी पडलीत ते दाखवलं. वाकून वाकून बघत होता. विहिरीचं पाणी पिला. जेव म्हटलं तर थांबला नाही, परतीची गाडी होती. पण नांगरटीची लई तारीफ केली बघ त्यानं."

त्या रात्री मला झोप आली नाही. सोमवारी मोपेड घेऊन निघालो, पण गावाकडे वळायच्या फाट्यावर दोनदा थांबलो. बदली मागून घ्यावी, असंही मनात आलं. आसारामचं पाणी माझ्या सांगण्यामुळं गेलं होतं, आणि आता माझं सांगणंही खोटं ठरलं होतं. त्याला काय सांगणार होतो, वडिलांपुढं तोंड उघडत नाही म्हणून?

गावात शिरलो तर चहाच्या हॉटेलपुढच्या बाकड्यावर सगळे बसलेले. तो म्हातारा, बैठकीतली माणसं, कुंडलिक. आणि कोपऱ्यात आसाराम, बशीत चहा ओतून फुंकर घालत. मी मोपेड स्टँडला लावली.

कुंडलिकनंच तोंड उघडलं. चेहरा उतरलेला होता.

"या साहेब. दादा तुमचं रान बघून आला. चौघाइच्या समोर सांगितलं त्यानं. धा वर्षं झाली म्हणतो, तुमच्या रानात नांगर शिरलेला न्हाई. भुसकटात पाय रुतत व्हता म्हणतो. मी जबान दिली व्हती, ती पाळतो. त्याच्या बारीला हात लावणार न्हाई."

मी आसारामकडे बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

"बराबर हाय ना, साहेब?" तो बशीकडे बघत म्हणाला.

सगळं बाकडं माझ्याकडे बघत होतं.

"बराबर हाय," मी म्हणालो.

आसारामनं बशी तोंडाला लावली, चहा संपवला, मिशा पुसल्या.

"तुमचे वडील लई भले माणूस हायेत, साहेब," तो म्हणाला.